रखमाचे तीन शेवट

माझ्या दुकानाच्या दारावर एक पाटी आहे: 'येथे काहीही कापले जात नाही.' पाटी लावली त्याच आठवड्यात एक काका आत डोकावले आणि म्हणाले, "मंग शिवता का?" त्यांच्या हातात पॅन्ट होती. मी त्यांना समोरच्या शिंप्याकडे पाठवलं, पण पाटी बदलली नाही.

मी जुन्या व्हिडिओ कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून देते. बुलढाण्यात बसस्टँडच्या मागच्या गल्लीत माझं दुकान आहे. लोक या कामाला 'कॅसेटीचं पेनड्राइव्ह करणं' म्हणतात आणि मलाही त्याहून चांगलं नाव सापडलेलं नाही. या अंकाच्या संपादकांनी कामाचे अनुभव लिहायला सांगितले तेव्हा मी म्हटलं, तिशी न गाठलेल्या बाईचे कसले अनुभव? ते म्हणाले, तुमच्याकडे येणाऱ्या कॅसेटी तुमच्याहून मोठ्या आहेत, त्यांचं वय धरा. तसं धरलं तर मी बरीच म्हातारी आहे.

कामाबद्दल एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. तीन तासांची कॅसेट उतरवायला तीनच तास लागतात. फायली कॉपी कराव्यात तसं इथे चालत नाही. व्हीसीआर लावायचा, कॅसेट चालवायची आणि समोर बसून राहायचं. मध्येच चित्र फाटायला लागलं तर ताबडतोब थांबवावं लागतं, नाहीतर टेप मशीनमध्ये गुरफटते आणि एखाद्याच्या आजोबांचा एकमेव हलता-बोलता फोटो कायमचा जातो. त्यामुळे मी डोळे मिटू शकत नाही. या जिल्ह्यातली मी पाहिलीत तितकी लग्नं एखाद्या भटजीनेही पाहिली नसतील.

आणि लग्नं आली की कापाकापीच्या मागण्या येतात. निवृत्त झालेले एक मास्तर म्हणाले, मेहुण्याला काढून टाका. मी कॅसेट पाहिली. मेहुणा प्रत्येक चित्रात होता. अंतरपाट धरायला तो, पंगतीत वाढायला तो, नवरदेवाच्या डोक्यावर छत्री धरायलाही तोच. मी मास्तरांना म्हटलं, याला काढला तर तुमच्या लग्नाला कोणी आलंच नव्हतं असं दिसेल. ते चिडून कॅसेट घेऊन गेले. दोन महिन्यांनी परत आले आणि म्हणाले, ऱ्हाऊ द्या त्याले.

न कापण्याचा हा हट्ट मला घरातून मिळाला. बाबा चळवळीतले. आमच्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. ताटाखाली पत्रक, खिडकीच्या फटीत पत्रक, डब्यातल्या चटणीखाली पत्रक. मी 'अ'च्या आधी 'बंधू-भगिनींनो' वाचायला शिकले असं आई म्हणते. त्या पत्रकांमधून एक गोष्ट डोक्यात पक्की बसली: कोणी काही कापत असेल तर कोणाच्या तरी सोयीसाठी कापतो. पाण्याची पाळी असो, रेशन असो की सिनेमाचा शेवट.

सिनेमाचे शेवट हा माझा छंद. नुसते सिनेमे नाहीत, गाण्यांचे सिनेमे. आपल्या भागात एकेकाळी गावठी संगीतपट निघायचे. गावातलीच नाटकमंडळी, गावातलाच पेटीवाला, दर दहा मिनिटांनी गाणं. आधी ते जत्रेतल्या तंबू टॉकीजमध्ये चालायचे, मग कॅसेटीवर यायचे आणि शेवटी सीडीवर. प्रत्येक ठिकाणी त्यांची लांबी बदलायची, कारण सीडी नावाची वस्तू फार आखूड. एका सीडीत जेमतेम सव्वा तास मावतो. सिनेमा तीन तासांचा असला आणि काढणाऱ्याने ठरवलं की दोनच सीड्या काढायच्या, तर उरलेलं कुठे जाणार? कापलं जाणार. आणि गाण्यांच्या सिनेमात कापायला सगळ्यात सोपं म्हणजे गाणं. गोष्ट बिघडत नाही, असं कापणाऱ्याला वाटतं.

डोणगावच्या एका घरात तर कात्रीशिवायच शेवट बदलला होता. सीडीच्या पाकिटात पहिली सीडी एका सिनेमाची आणि दुसरी दुसऱ्याच सिनेमाची निघाली. दोन्हींत नायिका निळ्या लुगड्यात, दोन्हींत शेवटी देवळापुढे गाणं. त्या घरातल्या आजींनी सगळ्यांना समजावलं होतं की मध्यंतरात नायकाचा पुनर्जन्म झाला, म्हणून त्याचं तोंड बदललं. बारा-पंधरा वर्षं त्या घराने तो सिनेमा असाच पाहिला. मी खरी दुसरी सीडी शोधून दिली तर आजींना ती आवडली नाही. "याच्यात तं काहीच होत नाही," म्हणाल्या.

आता रखमाकडे येते.

'सोनबोरीची रखमा' नावाचा असाच एक संगीतपट होता. आपल्याच मुलखात चित्रित झालेला, आपल्याच बोलीतला. रखमा गाणारी पोरगी, सासरी तिचं गाणं बंद करतात, नवऱ्याशी नदीकाठी भांडण होतं. सीडीवर या भांडणानंतर चित्र एकदम उडी मारतं आणि रखमा सासरच्या उंबऱ्यात आरतीचं ताट घेऊन उभी दिसते. सगळं गाव आनंदाने गातं आणि सिनेमा संपतो. भांडण आणि आरती यांच्यामध्ये काहीच नाही. मी ती जागा पुन्हा पुन्हा पाहिली. तिथे जोड होता, नदीचा आवाज अर्ध्यात तुटला होता.

त्यात भर म्हणजे, माझ्या दुकानात येणाऱ्या बायकांपैकी ज्यांनी तो तंबूत पाहिला होता त्या छातीठोकपणे सांगायच्या की रखमा परत येत नाही. ती गात गात निघून जाते. कोणीही आरतीचं नाव घेत नव्हतं.

झालं. माझ्या डोक्यातलं पत्रक आपोआप लिहून झालं. 'रखमाला परत कोणी पाठवलं?' असा मथळा. खाली मजकूर की, मूळ सिनेमात घर सोडून जाणारी रखमा सीडी काढणाऱ्यांनी उंबऱ्यात आणून उभी केली. घराघरात पोहोचणाऱ्या सिनेमात बाई घरातच असावी म्हणून शेवट बदलला गेला. कोणाकडे जुनी कॅसेट असल्यास दुकानात आणावी. पत्रक छापून कॉलेजात वाटलं, बसस्टँडवर वाटलं, आठवडी बाजारात वाटलं. बाबांनी वाचलं आणि एकच प्रश्न विचारला, "तू तो शेवट पाहिलास?" मी म्हटलं, पाहणाऱ्या इतक्या जणी सांगतात. त्यांनी पत्रक घडी करून खिशात ठेवलं.

महिन्याभराने एक बाई आणि तिची मुलगी दुकानात आल्या. बाईंचं नाव इथे सुमनताई लिहिते, मुलीचं दीपाली. दोघींनी लिहायला परवानगी दिली ती नावं बदलण्याच्या अटीवर. सुमनताई सोनाळ्याच्या, भावाच्या वावरात भाजीपाला लावतात आणि बाजारात विकतात. दीपाली बुलढाण्यातच नर्सिंग शिकते. सुमनताईंनी पिशवीतून कॅसेट काढली. ती पातळात गुंडाळलेली होती आणि टेपवर बुरशीची पांढरी पूड धरली होती.

"माह्या लग्नाची हाये," त्या म्हणाल्या. "पन लग्न नाही पायजे मले. लग्न सरल्यावर जे येते ते पायजे."

मी पाटीकडे बोट दाखवलं. उतरवायची तर सगळी उतरवीन, म्हटलं.

"उतरवा मंग. लग्न पाह्यनाराच्या नशिबी."

दीपाली बाजूला फोन बघत होती. ती आईशी बोलत नाहीये हे मला जरा उशिराच कळलं.

हळूहळू सगळं बाहेर आलं, बरंचसं सुमनताईंकडून आणि थोडं दीपालीच्या मध्येच टाकलेल्या शब्दांतून. सुमनताईंच्या लग्नात शूटिंगवाल्याची कोरी कॅसेट ऐनवेळी संपली. मांडव घातलेला, नवरदेव पारावर आलेला. तेव्हा शेजारच्यांकडे सिनेमाची एक भरलेली कॅसेट होती, ती त्याने मागून घेतली. भरलेल्या कॅसेटीवर पुन्हा भरता येऊ नये म्हणून तिच्या पाठीवरची प्लॅस्टिकची जीभ तोडून टाकत असत. त्या भोकावर चिकटपट्टी लावली की मशीन फसतं. शूटिंगवाल्याने पट्टी लावली आणि रखमावर सुमनताईंचं लग्न भरलं. लग्न संपलं तरी कॅसेट थोडी उरली. त्या उरलेल्या जागेत जुना सिनेमा तसाच राहिला, अगदी शेवटचा नऊ मिनिटांचा तुकडा.

म्हणजे सुमनताईंच्या लग्नाची कॅसेट अशी चालायची: हळद, मंगलाष्टकं, पंगत, मग पोरीला वाटी लावणं. आमच्याकडे सासरी निघालेल्या पोरीला निरोप देण्याला वाटी लावणं म्हणतात. बैलगाडीत बसून रडणाऱ्या सुमनताई, गाडी वळते, चित्र मुंग्यांनी भरतं आणि एकदम नदीकाठी रखमा.

"सासरी पाव्हने आले का कॅसेट लावत," सुमनताई सांगत होत्या. "लग्न सरलं का सारे उठून जात. मी भांडे आवरत बसे आन् ते गानं ऐके. रखमा निंघून जाते. परत नाही येत."

सासरी बायकांनी गाणं चालत नव्हतं. मारहाण नव्हती, उपासमार नव्हती, हे त्या स्वतःहून सांगत होत्या, जणू कोणीतरी विचारणारच आहे. माहेरी त्या भुलाबाईची गाणी म्हणण्यात पहिल्या. सासरी पहिल्याच वर्षी भुलाबाईच्या दिवसांत त्या चुलीपाशी गुणगुणल्या तर सासऱ्यांनी ओसरीवरून खाकरून सांगितलं की या घरातल्या बाईचा आवाज चुलीच्या धुराबरोबर वर जातो, दारातून बाहेर जात नाही. पाच वर्षं त्या गप्प राहिल्या. मग दोन वर्षांच्या दीपालीला कडेवर घेऊन, ही कॅसेट पातळात गुंडाळून निघून आल्या. भाऊ विचारायचा, मारत नाही, दारू पीत नाही, मंग आलीस काऊन? त्या सांगायच्या, रखमा गेली तशी मी आली. भावाला वाटायचं, बहिणीचं डोकं फिरलं. पण दीपाली ही गोष्ट ऐकतच मोठी झाली. तिच्यासाठी रखमा म्हणजे गावातल्याच कोणा मावशीसारखी होती.

आणि मग दीपालीच्या फोनवर सीडीवाला सिनेमा आला. कोणीतरी इंटरनेटवर टाकला होता.

"आरती करते ती," दीपाली मला म्हणाली. आईकडे बघितलं नाही. "उंबऱ्यात उभी राहून. सगळे गातात. मी तीनदा पाहिलं."

याच सुमारास तिच्या वडिलांनी एका नातेवाइकाकडून निरोप पाठवला होता की मुलीला भेटायचं आहे. दीपालीला जायचं होतं. सुमनताईंची हरकत नव्हती, हे दोघींनीही मला स्वतंत्रपणे सांगितलं. प्रश्न दुसराच होता आणि तो सुमनताईंनी माझ्यासमोर, मुलीकडे वळून, हळू आवाजात मांडला.

"बापाले भेट तू. मी कधी नाही म्हनली? पन माही आई खोटं सांगून घर सोडून आली असं डोक्शात घेऊन नको जाऊ."

दीपाली म्हणाली, "मग मी काय पाहिलं?"

दोघींनी माझ्याकडे पाहिलं. पिशवीतून माझंच पत्रक निघालं, घड्या पडलेलं. ते वाचूनच त्या आल्या होत्या.

कॅसेट साफ करायला मला चार दिवस लागले. बुरशीची कॅसेट मशीनमध्ये घालणं म्हणजे मशीनच्या डोळ्यात वाळू टाकणं. पाच स्क्रू काढून कवच उघडायचं, टेप हाताने फिरवत स्पिरिटने ओल्या केलेल्या मऊ कापडातून वीत वीत पुढे न्यायची. मग नवीन कवचात बसवायची. या कामात मी पत्रकांतल्या वाक्यांचा विचार करत बसते. त्या चार दिवसांत मी दुसरं पत्रक जवळजवळ लिहून काढलं. मथळा होता: 'रखमा सापडली'.

पाचव्या दिवशी दोघी आल्या. मी कॅसेट लावली. लग्न पूर्ण चाललं, मी ते पुढे पळवलं नाही. दीपालीने वडिलांना तरुणपणी पहिल्यांदाच पाहिलं. ती एकदाच म्हणाली, "माझं नाक त्यांच्यासारखं आहे." सुमनताई म्हणाल्या, हो, नाक चांगलंच होतं त्याचं.

मग वाटी लावणं झालं, बैलगाडी वळली, मुंग्या आल्या आणि नदी. रंग उडालेले, कडेला पांढऱ्या रेघा. पण आवाज साफ होता. सीडीत जे गाणं कापलं होतं ते हेच. रखमा चपला हातात घेऊन पाण्यात उतरते आणि गाते:

माही वाट मले ठाव, कोनी वाटी लावू नये,
नदी माह्या वयखीची, तिले नाव पुसू नये.

ओळखीची म्हणायला आमच्याकडे वयखीची म्हणतात. ती नदीच्या मध्यावर पोहोचते, पाणी गुडघ्यापर्यंत. दुसरं कडवं सुरू होतं. ओळ अर्धी होते आणि पडदा निळा झाला.

"पाह्य," सुमनताई म्हणाल्या. "गेली का नाही?"

दीपालीने आईचा हात धरला. तिला रडू आलं होतं. सुमनताईंना नाही.

आणि मी गप्प राहिले. या लेखात मला जे कबूल करायचं आहे ते हेच. ओळ अर्धी तुटली तेव्हाच मला कळलं होतं. सिनेमा संपला असता तर गाणं पुरं झालं असतं, 'समाप्त'ची पाटी आली असती, निदान पडदा काळा झाला असता. निळा पडदा म्हणजे टेप संपली. तो सिनेमा तीन तासांहून मोठा होता आणि कॅसेट तीन तासांची होती. ज्याने कोणी ती भरली त्याने कॅसेट संपेपर्यंत भरली आणि सोडून दिलं. पुढे काय होतं ते या कॅसेटीवर नव्हतंच. हे मी रोज बघते. दुसरी कुठली कॅसेट असती तर मी गिऱ्हाइकाला लगेच सांगितलं असतं. पण माझ्या समोर माझं पत्रक खरं ठरत होतं, आई-मुलगी हातात हात घेऊन बसल्या होत्या आणि मी म्हटलं, पेनड्राइव्ह दोन दिवसांनी देते.

ते दोन दिवस मी साक्षीदार शोधण्यात घालवले. देऊळगाव राजाला हबीबचाचा राहतात. तंबू टॉकीजवर त्यांनी आयुष्यभर मशीन चालवली. बालाजीच्या जत्रेत 'रखमा' चालवणारे तेच, असं मला कळलं. मी एसटीने गेले. चाचा दाराशी खाटेवर बसले होते, डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, काळा चष्मा. मी सरळ विचारलं, तंबूत रखमा परत यायची का?

"आली की," चाचा म्हणाले. "येतीच ती. आरती करती."

मी म्हटलं, पण बायका तर सांगतात ती गेली.

चाचा हसले. "बेटा, शेवट पब्लिक बघत नसती. शेवट मशीनवाला बघतो. गाणं म्हणत ती पाण्यात उतरली की पब्लिक उठली. चपला हुडकायच्या, लेकरं उचलायची, गाडी जुपायची. त्याच्या पुढं सिनेमा आठ-दहा मिन्टं होता. त्यो म्या बघितला आन् मशीननं बघितला."

मी विचारलं, एखाद्या वेगळ्या प्रिंटमध्ये शेवट वेगळा असेल? ते म्हणाले, प्रिंट एकच होती, आणि ती त्यांच्या हातातून गेलेली. मग चोरी कबूल करावी तसं त्यांनी सांगितलं की पुढे पुढे ते गाण्याबरोबर मशीनच बंद करायचे. बाहेर दुसऱ्या खेळाची गर्दी उभी, आत तंबू रिकामा. एकाही माणसाने कधी विचारलं नाही की पुढे काय झालं.

"म्हणजे शेवट तुम्ही कापला," मी म्हटलं.

"कापला नाही," चाचा म्हणाले. "थांबवला. कापणं येगळं."

परतीच्या बसमध्ये मी हिशोब जुळवत बसले. रखमाचे तीन शेवट होते. करणाऱ्यांच्या सिनेमात ती गात जाते आणि मग परत येते. सीडीवर ती जातच नाही, कारण तिचं जाणंच कापलं. आणि लोकांच्या डोक्यात ती जाते आणि परत येत नाही, कारण लोक उठून गेले. माझ्या पत्रकात लिहिलेला शेवट कोणीही बनवलेला नव्हता. तो चपला शोधण्याच्या घाईतून तयार झाला होता.

मला पळवाट होती. 'तंबूत सिनेमा रखमाच्या जाण्यावर संपायचा' असं लिहिलं असतं तर त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. चाचांनी मशीन बंद केली होतीच. बसमध्ये मी ते वाक्य मनात तीन वेळा लिहून पाहिलं आणि प्रत्येक वेळी मला त्याचा वास आला. आयुष्यभर दुसऱ्यांची अशीच वाक्यं पकडून मी पत्रकं लिहिली होती. बाबांना घरी सगळं सांगितलं. ते म्हणाले, छापलेलं मागे घेता येत नाही, दुरुस्ती छापता येते. पण आधी ज्यांना फसवलंस त्यांना सांग.

रविवारी मी सोनाळ्याला गेले. दीपालीही आली होती, दुसऱ्या दिवशी ती वडिलांच्या गावाला जाणार होती. दोघी वावराच्या कडेला बसून मेथीच्या जुड्या बांधत होत्या. मी पेनड्राइव्ह पुढे केला आणि सगळं सांगितलं. टेप कशी संपली, मला तेव्हाच कसं कळलं, मी का बोलले नाही, चाचा काय म्हणाले. बोलताना माझा आवाज पत्रकासारखा झाला होता, म्हणून मी मध्येच थांबले.

दीपालीचे हात थांबले. सुमनताईंचे थांबले नाहीत.

"म्हणजे मी पाहिलं तेच खरं," दीपाली म्हणाली.

मी म्हटलं, हो. ती परत येते.

सुमनताईंनी बांधलेली जुडी ढिगावर ठेवली. एवढ्या वर्षांची गोष्ट एका वाक्यात गेली होती आणि मी तिथे बसून पाहत होते. भावाचे टोमणे, शेजारणींची कुजबुज, सगळ्याला त्यांनी त्या नऊ मिनिटांनी उत्तर दिलं होतं. मला वाटलं त्या मला उठून जायला सांगतील. त्यांनी दुसरंच विचारलं.

"परत येते तवा ती गाते का?"

सीडीवरचा तो शेवट मी कितीतरी वेळा पाहिला होता. जोड कुठे आहे, आवाज कुठे तुटतो, आरतीच्या ताटात निरांजनं किती, हे मला पाठ होतं. ही गोष्ट मी पाहिलीच नव्हती.

दीपालीने फोन काढला. उन्हात दिसत नव्हतं म्हणून ओढणी डोक्यावरून घेऊन तिने शेवटचं गाणं लावलं. मी तिच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. सासरा गातो, नवरा गातो, जावा गातात, पाटील गातो, पारावर बसलेली म्हातारीही गाते. रखमा उंबऱ्यात उभी आहे. ताट फिरवते. दीपालीने ते मागे घेऊन पुन्हा लावलं.

"तिचे ओठ हलत नाहीत," ती म्हणाली. "आई, ती एक ओळसुद्धा गात नाही."

सुमनताईंनी फोनकडे पाहिलं नाही. त्यांनी मेथीची पुढची मूठ घेतली, मुळांची माती झटकली.

"कॅसेट सरली म्हून ती गेली असं मले वाटलं, हे खरं हाये," त्या मला म्हणाल्या. "तुमी छापा तसं. पन मी रखमाच्या मांगं नाही आली घर सोडून. मी गाता यावं म्हून आली. रखमाचं नाव सांगनं सोपं जाये, लोक लवकर गप बसत."

जुड्या बांधायला मीही बसले. मला नीट जमत नव्हत्या, दीपाली त्या सोडून पुन्हा बांधत होती. माझी दुरुस्ती पुढच्या आठवड्यात छापली गेली, पहिल्या पत्रकाएवढीच मोठी, त्याच ठिकाणी वाटली. 'रखमा परत येते. तिचं जाणं सीडीवरून कापलं गेलं हे खरं. तिचा शेवट बदलला गेला हे खोटं, आणि ते मी न पाहता छापलं.' लोकांनी पहिलं जितक्या आवडीने वाचलं तितकं हे वाचलं नाही. बसस्टँडवर एकजण म्हणाला, ताई, पहिलंच बरं होतं.

पण त्या रविवारी हे सगळं व्हायचं होतं. ऊन उतरल्यावर दीपालीने हात धुतले, पेनड्राइव्ह पर्समध्ये टाकला आणि निघण्याआधी आईसमोर उभी राहिली.

"उद्या त्यांनी विचारलं, की तुझी आई का गेली, तर काय सांगू?"

सुमनताईंनी शेवटची जुडी ढिगावर ठेवली.

"का गेली ते त्याले माईत हाये," त्या म्हणाल्या. "त्याले सांगजो, आई आता गाते."